काचेच्या दिव्यातलं गाणं

मागच्या वेळी आपण दिवाळीच्या फराळाच्या हिशेबावर बोललो होतो. त्या हिशेबात सगळ्यांचं देणं-घेणं भागवून अठरा हजार रुपये शिल्लक राहिले, आणि त्या अठरा हजारांवरून आमच्या गटात जे वाजलं ते आज सांगायचं आहे. वाजलं, ते दोन्ही अर्थांनी.

आमचा गट नाशिकच्या द्वारका भागातला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे भेटतात ते हे ठिकाण. डोक्यावरून उड्डाणपूल, खालून ट्रक, एसटी, रिक्षा, आणि त्यांचे हॉर्न दिवसरात्र. आमची बैठकीची खोली काठे गल्लीच्या बाजूला, थोडी आत आहे, तरी खिडकी उघडी असली की समोरच्या बाईचं बोलणं दोनदा विचारावं लागतं. दर गुरुवारी वसुली आणि नोंदी झाल्या की आम्ही पाऊण तास ऐकायला ठेवतो. कधी भजन, कधी नाट्यगीत, कधी एखादं भाषण. इतके दिवस आम्ही मोबाइल स्टीलच्या भांड्यात उभा ठेवून ऐकत होतो. भांड्यामुळे आवाज मोठा होतो, पण सगळ्या गाण्यांना वरणाच्या पातेल्याचा गंध येतो. वयस्कर बायकांना शब्दच कळत नसत. म्हणून ठरलं, की या शिल्लकेतून एक चांगली ऐकण्याची सोय करायची.

ठरलं खरं, पण काय घ्यायचं? गटातल्या एका आजींनी दुसऱ्याच गुरुवारी मुलाकरवी आपला जुना रेडिओ आणवला. लाकडी पेटी, पुढे विणलेलं कापड, काचेची पट्टी आणि तिच्यावर शहरांची नावं. कंपनीचं नाव कधीच पुसून गेलेलं. "नवीन कशाला? याच्यासारखा आवाज तुमच्या डबड्यात येणार नाही," आजी म्हणाल्या. दुसरीकडे एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं सांगितलं, की हल्ली परदेशात आणि मुंबई-पुण्याकडे हौशी लोक पुन्हा व्हॉल्व्हचेच अँप्लिफायर घेतात, मोबाइल आणि सीडीसुद्धा त्यावरच ऐकतात, आणि ते लाखांत जातात. आम्ही चकित. जे आजींनी माळ्यावर टाकलं होतं ते लाखांत? मग हा व्हॉल्व्ह म्हणजे आहे तरी काय, हे समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करायचे नाहीत असं आम्ही ठरवलं. जे समजलं ते असं.

दिव्याच्या बल्बमध्ये तार तापते तेव्हा तिच्यातून विजेचे कण बाहेर उडतात. त्याच काचेत, हवा काढून घेतलेल्या जागेत, समोर धातूची एक पट्टी बसवली आणि तिला धन बाजू जोडली, तर ते कण तिच्याकडे ओढले जातात. उलट दिशेनं मात्र जात नाहीत. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी हे वापरून वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा दिवा बनवला. एका बाजूनंच उघडणारी झडप, म्हणून त्याचं नाव व्हॉल्व्ह. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्या मध्ये आणखी एक वस्तू बसवली, बारीक तारेची जाळी. सगळी जादू या जाळीत आहे. जाळीवर अगदी चिमूटभर विजेचा फरक केला, तरी पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह तसाच्या तसा कमी-जास्त होतो. गंगापूर धरणाचं दार थोडंसं वर उचलायला फार बळ लागत नाही, पण इकडे दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढतं, तसं. लहान आवाजानं मोठा प्रवाह हलवायचा, याला म्हणायचं अँप्लिफायर.

त्याआधी मोठा आवाज म्हणजे कर्णा. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा विजेचा काही संबंध नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या धक्क्यानं सुई हलायची, सुईनं मेणावर रेघ ओढायची. हळुवार स्वर त्यात उमटायचाच नाही. १९२५ पासून मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह वापरून ध्वनिमुद्रण होऊ लागलं आणि गाणाऱ्याला ओरडण्याची गरज उरली नाही. आपण ज्याला जुन्या गाण्यातला गोडवा म्हणतो, कुजबुजल्यासारखा लावलेला स्वर, तंबोऱ्याची गुंज, ते सगळं त्या जाळीमुळे आपल्यापर्यंत पोचलं आहे.

आपल्याकडे रीतसर नभोवाणी सुरू झाली ती मुंबईला, २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. तो प्रक्षेपक होता दीड किलोवॅटचा. कंपनी तीन वर्षांतच बुडाली. १९३० साली सरकारनं ती चालवायला घेतली आणि १९३६ मध्ये तिचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. १९४७ साली भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली, त्यात मराठी मुलखातलं एकटं मुंबई. पुढच्या वर्षी नागपूर आलं आणि २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे. ही सगळी केंद्रं, त्यांचे मायक्रोफोन, त्यांचे प्रक्षेपक आणि घरातले रेडिओ, इकडून तिकडपर्यंत काचेच्या दिव्यांवरच चालत होते.

आणि घरातला रेडिओ म्हणजे केवढं प्रस्थ! त्याला परवाना लागायचा. १९३३ च्या कायद्यानं बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगणं गुन्हा होता, म्हणून दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. आजींकडे ते पुस्तक अजून आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी काचेच्या पट्टीमागे दिवा लागायचा, मग अर्ध्या-एका मिनिटानं, तारा तापल्यावर, लांबून कोणी चालत यावं तसा आवाज हळूहळू वर यायचा. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, मुंबईची नॅशनल एको होती, फिलिप्स होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं पुढे देशातच व्हॉल्व्ह बनवले. आजींच्या घरी रेडिओवर क्रोशाचं झाकण असे आणि बटणाला हात लावायचा हक्क फक्त सासऱ्यांना. दुपारी सासरे झोपले की मुंबईचं 'वनिता मंडळ' लावायचं, पण आवाज इतका बारीक की कान पेटीला टेकवावा लागे. "तापलेल्या पेटीचा वास अजून नाकात आहे. धूळ आणि लाख जळल्यासारखा," आजी म्हणाल्या. हे ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघी गप्पच झाल्या. आपल्याला आज जे कानाला लावून फिरता येतं, ते कोणाला चोरून ऐकावं लागलं होतं.

आता १९५५-५६ सालाकडे येऊ. या वर्षावर आम्ही खूप रेंगाळलो, कारण त्यात नाशिकच्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर, एकूण ५६. मूळ प्रसारणात फडक्यांबरोबर माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे कितीतरी गळे होते. ज्या पंचवटीचं वर्णन त्यात येतं, त्या पंचवटीत बसून लोक ते पुण्याच्या लहरींवर ऐकत होते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत, असं घरोघर सांगतात. आजींच्या घरी हार नव्हता, पण त्या वेळी सासरे स्वतः हाका मारून बायकांना पुढच्या खोलीत बसवत. वर्षभर, आठवड्यातून एकदा, तेवढ्यापुरता तो नियम मोडला जाई.

दुसरी गोष्ट दु:खाची. पंडित द. वि. पलुस्कर नाशिकचे, जन्म २८ मे १९२१. त्यांचे वडील विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी गाणं दरबारातून काढून शाळेत नेलं आणि पुढे नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापला. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील गेले. चौदाव्या वर्षी या मुलानं जालंधरला हरवल्लभ संमेलनात गाऊन लोकांना थक्क केलं. १९४४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. १९५२ च्या 'बैजू बावरा'त उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते मेंदूज्वरानं गेले. म्हणजे त्यांचं जे काही गाणं आपल्याकडे उरलं आहे ते सगळं व्हॉल्व्हच्या काळातलं. त्यात तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावलेली भजनं आणि राग.

तिसरी गोष्ट मात्र आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे गीतरामायण संपत आलेलं असताना, त्याच पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधली दीडशे गावं निवडली. त्या पाचांत आपला नाशिक जिल्हा होता. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. आधी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, मग गावात काय करायचं ते ठरवायचं, आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. कॅनडात शेतकऱ्यांचे असे रेडिओ मंच होते, त्यावरून कल्पना घेतलेली. टाटा समाजविज्ञान संस्थेनं मंडळ असलेली आणि नसलेली गावं तपासली, आणि जिथे बसून चर्चा झाली तिथे लोकांच्या माहितीत बरीच जास्त भर पडलेली दिसली. १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू केली गेली.

ऐका, बोला, ठरवा, लिहून ठेवा. मैत्रिणींनो, ही तर आपली बचत गटाची बैठक झाली! आम्हाला वाटायचं, गटात बसून बोलायची रीत नव्वदच्या दशकात बँकांनी आणि महामंडळानं शिकवली. आपल्याच जिल्ह्यातल्या गावांत पस्तीस-चाळीस वर्षं आधी लोक एका लाकडी पेटीभोवती तशीच बैठक घालत होते. आणि पुष्कळ गावांत वीजच नव्हती. तिथे व्हॉल्व्हचा सेट चालवायचा म्हणजे दोन बॅटऱ्या हव्यात, एक तार तापवायला लहान दाबाची आणि दुसरी पट्टीसाठी नव्वद व्होल्टची, विटेएवढी जड. ती संपली की पेटी मुकी.

पुढचं लवकर सांगतो. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. न तापणारा, न फुटणारा, दाण्याएवढा. साठ-सत्तरच्या दशकांत तो आपल्याकडे घरोघर आला, शेताच्या बांधावर गेला, परवान्याची कटकटही पुढे संपली, आणि लाकडी पेट्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे गेल्या. १९८२ मध्ये सीडी आली. तिच्यात रेघ नाही, आकडे आहेत. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि वहीत मांडायची. वाजवताना ते आकडे वाचून पुन्हा लाट तयार करायची. मोबाइलमधलं गाणंही असंच आकड्यांचं. वही चोख असेल तर लाट चोख येते.

मग आकड्यांचं गाणं ऐकायला लोक परत दिव्याकडे का जातात? याची उत्तरं बाजारात फार गोड करून सांगितली जातात. "डिजिटल कोरडं, व्हॉल्व्ह उबदार." आम्ही जरा खोलात गेलो. व्हॉल्व्ह गाण्यात स्वतःची थोडी भर घालतो हे खरं आहे. एखादा स्वर त्यातून गेला, की त्याच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, किंचित मिसळून बाहेर येतो. तो मूळ स्वराशी जुळणारा असल्यामुळे कानाला खटकत नाही, भरल्यासारखं वाटतं. शिवाय ताकदीच्या बाहेर वाजवला तर ट्रान्झिस्टरचा आवाज एकदम फाटतो, व्हॉल्व्हचा हळूहळू दबतो. पण काटेकोर बोलायचं तर ही भर म्हणजे खोटच आहे, गोड लागणारी खोट. चहात किती साखर घालायची हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. मात्र दुकानदारानं साखरेला चहा म्हणून विकू नये.

आणि आमच्यातल्या एकीनं फार नेमका मुद्दा काढला. पलुस्करांचं भजन ध्वनिमुद्रित होतानाच व्हॉल्व्हमधून गेलेलं आहे. मायक्रोफोनमागे व्हॉल्व्ह, तबकडी कोरणाऱ्या यंत्राच्या मागे व्हॉल्व्ह. ती साखर त्यात आधीच पडली आहे, आणि आकड्यांच्या वहीत तीही नीट उतरली आहे. मग घरी पुन्हा चमचाभर कशाला?

आता खरी घडलेली गोष्ट सांगतो, कारण त्यासाठीच आज हा विषय घेतला. आजींचा रेडिओ दुरुस्त करायला आम्ही एकाकडे दिला. त्यानं तो चालू केला, आणि मोबाइल लावता यावा म्हणून आवाजाच्या बटणाच्या मागून एक वायर बाहेर काढून दिली. पहिल्या गुरुवारी मोबाइल लावला, सुंदर वाजला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या गुरुवारी एकीच्या मुलानं तीच वायर मोबाइलला लावताना हात झटकला आणि मोबाइल फरशीवर पडला. त्याला झटका बसला होता. पायात चपला होत्या म्हणून थोडक्यात निभावलं.

कारण नंतर एका जाणकार काकांनी दाखवलं. जुन्या रेडिओंमध्ये दोन जाती आहेत. एका जातीत मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, भिंतीतली वीज आणि आतला सांगाडा यांचा थेट संबंध नसतो. दुसऱ्या जातीत तो नसतो. काही शहरांत तेव्हा डीसी वीज होती, ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. शिवाय तो काढला की सेट स्वस्त पडायचा. या एसी-डीसी सेटमध्ये विजेची एक तार सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. प्लग दोन पिनांचा. एका बाजूनं लावला तर सांगाडा न्यूट्रलवर, काही होत नाही. उलटा लावला तर अख्खा सांगाडा २३० व्होल्टवर. पहिल्या गुरुवारी प्लग सुलटा लागला होता, दुसऱ्या गुरुवारी उलटा. पूर्वी लाकडाची पेटी, बेकेलाइटची बटणं आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण यामुळे माणूस त्या सांगाड्यापासून लांब राहत असे. आपण वायर बाहेर काढली, आणि ते संरक्षण आपल्याच हातानं मोडलं.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, विशेषतः ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा रेडिओ आहे आणि घरात हौशी मुलं आहेत त्यांनी. जुना सेट उचलून थेट प्लगमध्ये घालायचा नाही. आतले जुने कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून खराब झालेले असतात, ते धूर काढतात. सेट बंद केल्यावरही त्यात दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहू शकतात. मोबाइल जोडायचाच असेल तर मध्ये विलग करणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, हवाच, आणि तो बसवणारा माणूस त्यातला हवा.

या प्रकारानंतर बैठकीत दोन तट पडले. आजींचा चेहरा उतरला होता. काहींचं म्हणणं, नवा व्हॉल्व्ह अँप्लिफायरच घेऊ, म्हणजे आवाजही तसा आणि धोकाही नाही. आम्ही चौघी महात्मा गांधी रोडवर चौकशीला गेलो. एका दुकानात बावीस हजारांचा दाखवला. ब्लूटूथ, यूएसबी, आणि वर काचेचे दोन दिवे नारिंगी उजळलेले. फार देखणा. चालू केल्याबरोबर आवाज आला, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "आजींचा तर तापायला वेळ घेतो, मग हा कसा लगेच?" दुकानदारानं विषय बदलला. काकांना विचारलं तर ते हसले. खूप स्वस्त मालात आवाजाचं काम चिपच करते, व्हॉल्व्ह असतात ते मधल्या एका टप्प्याला, आणि त्यांच्या बुडाशी नारिंगी एलईडी बसवलेला असतो, उजेड त्याचा. खरा व्हॉल्व्ह इतका झगमगत नाही.

मग खरा कसा ओळखायचा? काकांनी सांगितलेलं असं, की तो वजनाला जड असतो. कारण व्हॉल्व्हमधली वीज जास्त दाबाची आणि कमी प्रवाहाची, आणि स्पीकरला उलट हवी असते, म्हणून मध्ये मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. एका बाजूला दोन ईएल-८४ व्हॉल्व्ह असले तर दहा-पंधरा वॅट मिळतात, एकच असला तर पाच. तेवढ्यात काम भागतं का, हे स्पीकरवर ठरतं. स्पीकरच्या कागदावर एका वॅटला किती डेसिबल ते लिहिलेलं असतं. ८६ चा स्पीकर आणि ९२ चा स्पीकर यांत सहाचा फरक दिसतो, पण त्याचा अर्थ, पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद लागते. पाच वॅटच्या अँप्लिफायरला ९२ चा स्पीकर दिला तर तो २० वॅट आणि ८६ च्या बरोबरीनं वाजतो. आणि सीडी प्लेअरमधून दोन व्होल्टपर्यंतचा दणदणीत संकेत येतो, त्यामुळे वेगळ्या व्हॉल्व्ह प्री-अँप्लिफायरवर पैसे घालण्याची गरज नसते. तो काळ तबकडीच्या पिनेचा होता, तिचा संकेत अगदी क्षीण असे.

विजेच्या बिलाचा बाऊ आम्ही केला होता, तोही हिशेबात टिकला नाही. मोठा व्हॉल्व्ह अँप्लिफायर दीडशे वॅट ओढत असला, तरी आठवड्याला दोन तास म्हणजे महिन्याला साधारण सव्वा युनिटच. खरा खर्च पुढचा. व्हॉल्व्ह काही हजार तासांनी थकतात. नवे आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. आणि बसवणारे जाणकार किती उरलेत? आमच्या ओळखीत एक काका, तेही सत्तरीचे.

शेवटी आम्ही एक साधा प्रयोग केला. काकांनी त्यांच्या घरचा छोटा व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणला, आम्ही एका सदस्याचा साडेतीन हजारांचा चिपवाला आणला. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण जो जरा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. बायकांनी डोळे मिटले. पलुस्करांचं एक भजन, दोनदा. बारा जणींपैकी पाच जणींनी व्हॉल्व्ह बरोबर ओळखला, चार जणींनी चूक, तिघी म्हणाल्या फरकच नाही. आजी चुकलेल्यांत होत्या. मग अँप्लिफायर तोच ठेवून फक्त स्पीकर बदलले, तर बाराच्या बारा जणींना फरक कळला. आणि खिडकी लावून जाड पडदा सोडला तर त्याहून जास्त कळला.

असा निकाल लागल्यावर वाद उरला नाही. चिपचा अँप्लिफायर साडेतीन हजारांचा, चांगले स्पीकर साडेनऊ हजारांचे, पडदे आणि खिडकीचं रबर मिळून दीड हजार. राहिले साडेतीन हजार. त्यावर ठराव आला, की आजींच्या रेडिओला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, नवे कंडेन्सर आणि तीन पिनांचा प्लग बसवायचा. एकीनं हरकत घेतली, गटाचा पैसा एकीच्या वस्तूवर का? तिचं चूक नव्हतं. बरीच चर्चा झाली. आजींनीच तोड काढली: रेडिओ गटाच्या खोलीत राहील, त्यांच्यामागेही. ठरावाच्या वहीत तसं लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे.

काकांनी काम करायला पंधरा दिवस घेतले. आता गुरुवारी स्पीकरवरचं ऐकून झालं, की कोणीतरी जाऊन त्या पेटीचं बटण फिरवतं. आधी पट्टीमागचा दिवा लागतो. मग आम्ही थांबतो. आजी दर वेळी उठून पेटीजवळची खुर्ची घेतात आणि आवाज यायच्या आधीच कान टेकवतात. आम्ही त्यांना सांगून पाहिलं, की आजी, आता मोठा करायला हरकत नाही. त्या मोठा करतात, पण कान काढत नाहीत.